हरकत आहे!

नगर रोडवर सकाळी साडेसातला कंपनीच्या बसमध्ये बसलेल्या माणसाची वाघोलीपर्यंत एक झोप होते आणि शिक्रापूरपर्यंत दुसरी. माझे दोन मित्र रांजणगावच्या एमआयडीसीत आहेत, रोज हाच रस्ता. कुठल्या टपरीचा चहा प्यायचा, कुठल्या चौकात किती वेळ अडकायचं, सगळं तोंडपाठ. त्यांना परवा सहज विचारलं, ‘‘या अख्ख्या रस्त्यात मोठं झाड कुठंय रे?’’ दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, ‘‘होतं ना... कुठंतरी होतं.’’

‘होतं’ हेच या रस्त्याचं उत्तर आहे. पुणे-नगर काय किंवा पुणे-सोलापूर काय, आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतले हे रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंच्या वडांनी धरलेला बोगदा. रुंदीकरणाचा एकेक टप्पा झाला आणि बोगदा उघडा पडत गेला. आता पुणे-शिरूर उन्नत मार्गाची योजनाही मंजूर आहे. म्हणजे उद्या आपण झाडांच्या शेंड्यांवरून जाणार. झाडं असली तर.

तर एक शनिवार काढला, बाइक काढली, मागे एका मित्राला बसवलं आणि दोन महामार्गांना जोडणारा मधला रस्ता धरला. शिरूर, न्हावरे, भीमेवरचा पूल, केडगाव-चौफुला, मग पाटस, कुरकुंभ आणि शेवटी दौंड. वीकएण्डला या बाजूला कुणी ‘फिरायला’ येत नाही, मान्य. अष्टविनायकवाले रांजणगाव आणि सिद्धटेक उरकून सुसाट पुढे जातात. आम्हाला फक्त रस्त्याकडेची जुनी झाडं बघायची होती.

हे खूळ डोक्यात शिरलं ते २०२० मध्ये. लॉकडाऊनमध्ये आपण सगळे घरात बसून कॉफी फेटत होतो ना, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावात एक भलतंच प्रकरण चालू होतं. मिरज-पंढरपूर रस्त्यावर यल्लम्मा देवीच्या देवळाशेजारी एक वड. गावकरी त्याचं वय चारशे वर्षं सांगायचे. रत्नागिरीहून येणाऱ्या १६६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाच्या कामात तो मध्ये येत होता. झाड तोडायची वेळ आली तशी जुलैमध्ये गावकरी आणि पर्यावरणवाले झाडाभोवती उभे राहिले. फोटो सगळीकडे फिरले. तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरींना पत्र लिहिलं, आणि गडकरींनी रस्त्याच्या आखणीत बदल करून झाड वाचवायला सांगितलं. एका झाडासाठी राष्ट्रीय महामार्ग सरकला! मी तो फोटो कितीतरी दिवस डेस्कटॉपवर ठेवला होता. या गोष्टीचा पुढचा भाग मला नंतर कळला. तोही सांगतो, पण आधी शिरूर.

शिरूरचं जुनं नाव घोडनदी. आजही जुनी माणसं ‘घोडनदीला जाऊन येतो’ म्हणतात. इथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री इथूनच निघालेली पलटण दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला लढली. पण शिरूरमधली मला जास्त आवडणारी गोष्ट कर्नल वॉलेसची. हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये इथेच वारला, इथेच त्याचं थडगं. जुन्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय की गावातले लोक त्याला सत्पुरुष मानून त्याच्या थडग्याला नैवेद्य दाखवायचे. परका माणूस, परक्या फौजेचा. पण एकदा गावाने ‘आमचा’ म्हटलं की म्हटलं.

झाडांचंही बरंचसं असंच असतं. ज्या वडाला शेंदूर लागला, पार बांधला गेला, एखादा म्हसोबा बुडाशी येऊन बसला, त्याला हात लावायला ठेकेदारही दहा वेळा विचार करतो. बाकीचे नुसतेच वड. गेरू-चुन्याचा पट्टा मारलेले, खोडाला ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी खिळ्याने ठोकलेले.

आता थोडा कायदा. घाबरू नका, थोडाच आहे.

शिरूर आणि दौंड या दोन्ही ठिकाणी नगर परिषद आहे. त्यामुळे तिथे शहरी भागातल्या झाडांसाठीचा १९७५ चा कायदा लागू होतो. झाड तोडायचं तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते, झाडावर नोटीस डकवावी लागते, आणि लोकांना हरकत घ्यायला सात दिवस मिळतात. २०२१ मध्ये हा कायदा आणखी कडक झाला. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड म्हणजे ‘हेरिटेज’. ते तोडलंच, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायची. ऐंशी वर्षांचं तोडलं तर ऐंशी. वाचायला झकास आहे. झाडाचा जन्मदाखला कोण आणणार, हा प्रश्न वेगळा. वडाचं खोड आतून पोकळ होतं, पारंब्यांची नवी खोडं होतात, त्यामुळे वय मोजणं म्हणजे अंदाजपंचेच.

पण शिरूरची हद्द संपली, न्हावऱ्याचा रस्ता लागला, की हा कायदा मागे राहतो. ग्रामीण भागात चालतो तो १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, आणि त्याला जोडलेली सोळा झाडांची यादी. साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, आंबा, फणस, जांभूळ, चिंच... यादी मी दोनदा वाचली. तिच्यात वड नाही. पिंपळ नाही. कडुनिंबही नाही. ज्याचं लाकूड किंवा फळ बाजारात विकलं जातं, त्याचीच कायद्याने जास्त काळजी घेतलेली दिसते. वडाचं लाकूड कुणाला हवंय?

याच शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे. तुमच्यापैकी बरेच जण ऑफिसच्या पिकनिकला हुरडा खायला गेले असाल. गावाच्या नावातच चिंच आहे, आणि मोर त्या चिंचांच्या भरवशावर राहिले असं गावकरी सांगतात. तिथली चिंच यादीत आहे. न्हावऱ्याच्या रस्त्यावरचा वड नाही. शिवाय रस्त्याच्या हद्दीतलं झाड सरकारी. म्हणजे रस्ता करणारंही सरकार, झाडाचा मालकही सरकार आणि परवानगी देणारंही सरकार. घरातल्या घरात सगळं. तिथे गावकऱ्यांनी घेतलेली हरकत म्हणजे नियमात नसलेला, नुसता लोकांचा आवाज असतो. भोशाचे लोक कुठल्या कलमावर जिंकले नाहीत. ते झाडाखाली उभे राहिले म्हणून जिंकले.

न्हावऱ्यापासून पुढे ऊसच ऊस. हंगामात या रस्त्याने जायचं म्हणजे ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे रांगत जायचं, ओव्हरटेक करताना देवाचं नाव घ्यायचं. इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट कबूल करायची आहे. रस्ता रुंद व्हायला हवा असं वाटणारे लोक काही झाडांचे दुश्मन नसतात. रात्री ट्रॉलीला लाल दिवा नसतो, समोरून ट्रक येतो, आणि काठाला उभं असलेलं खोड गाडीच्या दिव्यात उशिरा दिसतं. या रस्त्यांवर घरातलं कुणी गेलेल्या माणसाला ‘पण सावली...’ म्हणून सांगायला जा बघू. आमच्यासारखे पुण्याहून बाइकवर येणारे, फोटो काढणारे, संध्याकाळी परत जाणारे. रोज जाणारे ते आहेत. म्हणून हरकत त्यांनी घेतली की तिला वजन येतं, आणि त्यांनी घेतली नाही तर का घेतली नाही हेही ऐकून घ्यायला हवं.

पण मग रोज जाणाऱ्यांनाच विचारा, एसटीची वाट कुठे बघता? वडाखाली. वडापची जीप कुठे लागते? वडाखाली. (वडाप या शब्दाचा वडाशी काही संबंध नसावा, पण जीप लागते तिथेच, हे खरं.) पत्ता सांगताना ‘वडापासून डावीकडे’. झाड गेल्यावर तिथे पत्र्याचं बसस्टॉप येतं. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली पाच मिनिटं उभे राहून बघा. शिरूर-दौंड हा पर्जन्यछायेतला पट्टा. भीमा आणि घोड सोडल्या तर बाकी सगळं उन्हाचं राज्य. इथे सावली ही हौस नाही, सोय आहे. पाण्याच्या टाकीसारखी.

पारगावजवळ भीमा ओलांडली की दौंड तालुका. हे सालुमालूचं पारगाव. पुलावर थांबलो. वारा, बगळे, खाली संथ पाणी. इथून वरच्या अंगाला रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. म्हणजे पुण्यात आपण नदीत जे काही सोडतो ते सगळं घेऊन ती इथवर येते. त्यावर स्वतंत्र लेख होईल, आज नको.

पुढे गुऱ्हाळांचा वास. उकळत्या रसाचा, थोडा करपल्यासारखा. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं गाव आणि नारायण महाराजांच्या बेटाचंही. दोन वेगळ्या धर्मांच्या दोन जागा. आश्रम काय, बेट काय, त्यांच्या आवारातल्या झाडांना मालक असतो. रस्त्यावरच्याला नसतो. एवढाच फरक.

चौफुल्याला सोलापूर हायवे लागतो. संगीत बारीच्या थिएटरांसाठी प्रसिद्ध असलेला हाच तो चौफुला. आम्ही मात्र भर दुपारी पोचलो, त्यामुळे फक्त मिसळ. इथून पुण्याच्या दिशेला यवत, सोलापूरच्या दिशेला वरवंड. दोन्ही तुकोबांच्या पालखीचे मुक्काम. यवतला पालखीच्या दिवशी अख्खं गाव पिठलं-भाकरी करतं. घरोघरच्या भाकऱ्या देवळात येतात आणि पिठलं मोठाल्या कढयांत रटरटत असतं. कधी नोकरीतून एक दिवस सुट्टी काढून या. पंगतीत कुणी तुमचं आडनाव विचारत नाही.

आता वारी म्हणजे काय? पायी चालणं. आणि पायी चालणाऱ्याला रस्त्याकडून दोनच गोष्टी हव्या असतात, पाणी आणि सावली. पाटसपासून पुढे बारामती-इंदापूरमार्गे जाणारा तुकोबांचा पालखी मार्ग चौपदरी करायला घेतला, त्याचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला पंढरपुरात पंतप्रधानांच्या हस्ते झालं. सुमारे १३० किलोमीटर, आणि दोन्ही बाजूंनी वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट. कल्पना चांगलीच आहे, ट्रकच्या धक्क्याला लागून चालण्यापेक्षा हजार पटींनी बरी. फक्त रस्ता रुंदावताना जे पहिलं जातं, ते काठावरचं झाड, आणि नवी पायवाट नेमकी त्याच जागेवरून जाते. नवी रोपं लागतात, जाळ्या लागतात, टँकर येतो किंवा येत नाही. वडाची डोक्यावर धरण्याइतकी सावली व्हायला एक पिढी लागते. रोटी घाटात पालखीच्या रथाला जादा बैलजोड्या लावून वर चढवतात. आज वीस वर्षांचा असलेला वारकरी त्या घाटात नव्या वडाखाली टेकेल तेव्हा त्याचे केस पांढरे असतील.

‘पण झाडाची किंमत करणार कशी?’ हा मित्राचा प्रश्न. तो फायनान्सवाला, त्याला आकडा लागतो. आकडा आहे. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर पाच रेल्वे उड्डाणपुलांसाठी जुनी झाडं तोडायचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. कोर्टाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिने हिशोब मांडला. झाडाची किंमत म्हणजे वय गुणिले वर्षाला ७४,५०० रुपये. त्यातले ४५,००० एकट्या प्राणवायूचे, २०,००० खताचे. शंभरी बरीच ओलांडलेल्या झाडाची किंमत एक कोटीच्या वर जाऊ शकते. २०२१ च्या सुरुवातीला या आकड्याच्या बातम्या झाल्या. मित्र क्षणभर गप्प. मग म्हणाला, ‘‘म्हणजे हा वड माझ्यापेक्षा सीनियर पॅकेजवर आहे.’’

पुढचं मी त्याला जरा उशिरा सांगितलं. २०२३ मध्ये त्याच प्रकरणात कोर्टाने तीनशेवर झाडं तोडायची परवानगी कायम ठेवली. उलट उदाहरणही आहे. हैदराबादजवळ चेवेल्ला रस्त्यावर नऊशेच्या वर वड आहेत. त्यांच्यासाठी लोक हरित लवादात गेले, वर्षानुवर्षं नेटाने भांडले, आणि बहुतेक वड जागेवर राहतील अशी आखणी करून घेतली. आकड्यापेक्षा चिकाटी कामाला आली म्हणायचं.

आता भोशाचा राहिलेला भाग. महामार्ग सरकला, फोटो छापून आले, आपण सगळे विसरलो. २०२२ च्या पावसाळ्याच्या तोंडावर वादळी वाऱ्यात तो वड कोसळला. वाचवल्यापासून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती.

हे कळलं तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलं. आधी राग आला तो झाडाचाच! मग जरा वाचलं, माहीतगारांना विचारलं. जुनं झाड वाऱ्याने पडू शकतं, त्यात कुणाचा दोष असेलच असं नाही, आणि भोशाच्या वडाचं नेमकं काय झालं यावर मी इथे बसून निकाल देणार नाही. पण एक गोष्ट सगळीकडे लागू आहे. आपण झाड म्हणून जे बघतो ते जमिनीवरचं. मुळं त्याच्या घेराच्याही बाहेर पसरलेली असतात, आणि त्यातली कामाची मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात. रस्त्याचा खोदा, गटाराची चारी, केबलचा चर, मुरमाचा भराव, यातलं प्रत्येक काम झाडाला हातही न लावता त्याची पकड सोडवतं. पारंब्या कापल्या तर कुबड्याही जातात. आपण प्रेमाने बांधतो तो सिमेंटचा पारही खोडाला घट्ट आवळून बसतो. दिल्लीच्या प्रकरणात हरित लवादाने २०१३ मध्ये झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटशिवाय मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तुमच्या सोसायटीसमोरचं झाड जाऊन बघा, पेव्हर ब्लॉक कुठपर्यंत आलेत.

आणि वटपौर्णिमा! त्या दिवशी चौकात फांद्यांचे ढीग विकायला येतात. वडाची पूजा करायला वड तोडायचा. माझी आई आता झाडापर्यंत चालत जाते, पण फ्लॅट संस्कृतीत झाड राहिलंय कुणाच्या गल्लीत? इथे दौंड तालुक्यात अजून पारावर दोरे गुंडाळलेले वड दिसतात. तेवढा एक दिवस त्या झाडाच्या बाजूने बोलणाऱ्या पन्नास-साठ बायका तरी त्याच्याभोवती उभ्या असतात. कुठल्याही वृक्ष अधिकाऱ्याने दचकावं अशी ही संख्या आहे.

कुरकुंभला वळून दौंडकडे निघालो. दौंड रेल्वेचं गाव. १८७८ मध्ये इथून मनमाडला फाटा निघाला तेव्हापासून जंक्शन. नगर परिषदेची हद्द आली, म्हणजे १९७५ चा कायदा पुन्हा सुरू. कधी तुमच्या रस्त्यातल्या झाडावर नोटीस दिसली, तर आधी तिच्या तारखेसकट फोटो काढा, कारण पाऊस पडला की कागद जातो आणि सात दिवस मात्र मोजले जातात. मग एक साधा अर्ज. झाड कुठलं, नेमकं कुठं, छातीइतक्या उंचीवर घेर किती, तोडण्याचं दिलेलं कारण का पटत नाही, आणि रस्ता कसा वळवता येईल किंवा फांद्या छाटून भागेल का. अर्ज आवक-जावक खिडकीवर द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. ‘निसर्ग वाचवा’ एवढंच लिहिलेला अर्ज फाइलला लागतो आणि फाइल कपाटात जाते. मोजमाप लिहिलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. आपल्याला ‘हरकत नाही’ म्हणायची इतकी सवय असते, की त्यातला शेवटचा शब्द बदलायला जीभ रेटत नाही.

दौंडच्या थोडं अलीकडे एक वड दिसला. मोठा, पार नसलेला, शेंदूरही नाही. खाली चहाची टपरी, पंक्चरवाला, दोन उसाचे ट्रॅक्टर. म्हटलं, उपदेश करतोय तर एक घेर मोजून तर बघू. बॅगेतला टेप काढला. मित्राने एक टोक धरलं, मी दुसरं घेऊन खोडाला वळसा घालायला लागलो, आणि टेप संपला. टपरीवरची बोलणी थांबली. चहावाले काका बाहेर आले, हात पुसत.

‘‘रस्त्याच्या ऑफिसातनं आलाय का? पाडताय जणू?’’

म्हटलं, ‘‘नाही काका, नुसतं मोजतोय. उद्या कुणी पाडायला आलं तर लिहून द्यायला लागतं म्हणून.’’

त्यांनी आम्हाला जरा वेळ न्याहाळलं. मग आत जाऊन शेडची जाड सुतळी घेऊन आले आणि एक टोक स्वतःच्या हातात धरून म्हणाले, ‘‘ह्या अंगानं घ्या. तिकडं पारंबी मधी येतीया.’’